एकट्या माणसाचं विमान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्याच्याबद्दल आहे त्याला तर नाहीच. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात माझं अडतीचं दुकान आहे. शेतकऱ्याचा माल येतो, आमच्या काट्यावर चढतो, बोली लागते, उतरतो. या धंद्यात लोक मापावरून शिव्या खातात. मी नाही खाल्ल्या. पोत्यामागे चार मुठी मारणारे मी पाहिलेत, मी कधी मारल्या नाहीत. पण एका माणसाला मात्र मी मापात फसवलं. कमी भरवून फसवलं असतं तर कदाचित सापडलो असतो. मी त्याला जास्त भरवलं, आणि अडत्याचा काटा जास्त दाखवतो असा संशय आमच्या भागात अजून कुणाला आलेला नाही.

तो माणूस म्हणजे किन्हीराजाचा मधुकर तायडे. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. तो बारावीनंतर हवाई दलात लागला, मी वडिलांच्या गादीवर बसलो. त्याची नोकरी जमिनीवरची होती. विमानाचे नटबोल्ट तपासायचे, बसणाऱ्याचे पट्टे आवळायचे, अंगठा दाखवायचा आणि तो परत येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. पण पहिल्या सुट्टीला तो निळ्या गणवेशात फाट्यावर उतरला आणि त्याच दिवशी गावाने त्याचं नाव ‘पायलट’ ठेवलं.

“तू सांगत काहून नाही लोकाईले?” मी त्याला विचारलं होतं.

“सांगतलं ना बाप्पा. पह्यले दोन-तीन वर्सं सांगतलंच. मंग म्हटलं जाऊ दे. गावाले एक पायलट पायजे होता, दुसरा कोणी भेटून नोता राह्यला.”

दिसायला तो पायलट कमी आणि पैलवान जास्त. रुंद खांदे, भरघोस मिशी, चालताना जमीन दाबत चालल्यासारखा. निवृत्त होऊन गावी आला तेव्हा हवाई दलाने त्याला पेन्शन दिली, थोडी एकरकमी पुंजी दिली आणि काही सवयी दिल्या. पेन्शनचा त्रास कुणाला नव्हता. सवयींचा होता.

मोटारसायकलला किक मारण्याआधी तो तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारायचा. टायर दाबायचा, ब्रेक ओढायचा, साखळीला बोट लावायचा आणि प्रत्येक वेळी मोठ्याने “ठीक” म्हणायचा. मागे बसणाऱ्याने तोवर उभं राहायचं. एकदा वाशीमच्या एसटीत चढताना त्याने ड्रायव्हरला विचारलं, “साहेब, मागचा डावा टायर पाह्यला का?” ड्रायव्हर म्हणाला, “तुमी पाह्यला ना? मंग झालं.” पायलट खाली उतरला, टायर पाहून आला आणि मगच बसला. बस तेवढा वेळ थांबली, कारण मास्तर असो की मंत्री, इतक्या गंभीर चेहऱ्याने टायरकडे जाणाऱ्या माणसाला कुणी अडवत नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नात त्याने आपणहून स्वयंपाकाचा मांडव सांभाळायला घेतला. सकाळी आचाऱ्याकडून झारे, पळ्या, उलथनी, सगळं मोजून घेतलं. पंगत बसली, पानं वाढायला सुरुवात होणार, तेवढ्यात पायलट हात वर करून मध्ये उभा.

“थांबा. एक पळी कमी हाय.”

माझा मोठा भाऊ धावत आला. “अबे मधुकर, वऱ्हाडी बसले ना पंगतीले.”

“बसू दे. हत्यार हरवलं का विमान उडत नाही.”

“हे लग्न होय, विमान नाही.”

“इथं तं विमानापेक्षा जास्त माणसं बसून राह्यले.”

पळी वांग्याच्या भाजीच्या गंजात, तळाशी सापडली. भाजीसकट ती उंच धरून पायलट पंगतीतून फिरला आणि प्रत्येकाला विचारत गेला, “हे इंजिनात असतं तं?” नवरदेवाच्या मामाने घाबरून भाजीच घेतली नाही. त्या लग्नातली बाकी कुठलीच गोष्ट आता कुणाला आठवत नाही, नवरदेवाचं नावसुद्धा लोक विचारून घेतात.

असा हा माणूस. त्याला आयुष्यभर खाली उभं राहिल्यानंतर एक गोष्ट हवी होती. ती त्याने मला माझ्याच दुकानात, तुरीच्या पोत्यावर बसून सांगितली.

“दिलीप, मले एक दुपार वर राह्याचं हाय.”

निवृत्तीनंतर तो एका लांबच्या ग्लायडिंग क्लबात जाऊन शिकत होता. रात्रभर प्रवास करून जायचं, कॉलेजच्या पोरांच्या मागे रांगेत उभं राहायचं, संध्याकाळपर्यंत एक पाळी मिळाली तर मिळाली. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. जमिनीवरून दोराने ओढतात, वर गेलं की दोर सुटतो, पुढे वाऱ्यावर. शिकायचं विमान दोघांचं. त्यात तो मास्तरांबरोबर उडाला, मग एकट्याने उडायची परवानगीही मिळाली. पण पाळी केवढी? “वर गेलो, एक गिरकी घेतली, खाली आलो. टेबलावर ठेवलेला चहा तसाच गरम.” त्याला घारीसारखं राहायचं होतं. ऊन तापलं की घार चढते, पंख न हलवता दुपारभर फिरते आणि स्वतःच्या मर्जीने उतरते. त्यासाठी स्वतःचं, एका माणसाचं ग्लायडर पाहिजे. आणि त्याच क्लबातली दोन जुनी एकआसनी ग्लायडरं विकायला निघाली होती. घेणाऱ्याने तिथेच शेडमध्ये ठेवावं, तिथूनच उडावं.

नवं घ्यायचं तर शेत विकावं लागलं असतं. जुनं म्हणजे एका जुन्या ट्रॅक्टरच्या भावात. मुलीच्या शिक्षणाचे बाजूला काढून जे उरत होतं त्यात एवढंच बसत होतं, आणि तेही घासाघीस करून.

किन्हीराजाच्या फाट्यावर, चहाच्या टपरीत, ही बातमी त्याने स्वतःच फोडली. मी तिथे होतो.

“किती सीटर हाय?” एकाने विचारलं.

“एक.”

“एकच? आमच्या फटफटीवर चार जाते.”

“अन् ॲव्हरेज काय देते?”

“पेट्रोल लागतच नाही.”

“मंग चालते कायच्यावर?”

पायलटने शांतपणे सांगितलं. उन्हाने जमीन तापते, जमिनीने हवा तापते, तापलेली हवा वर चढते आणि ती ग्लायडरला घेऊन जाते. टपरीवाल्याने ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “म्हणजे सोलर हाय.” त्यावर वाद संपला. पंचक्रोशीत अजूनही लोक म्हणतात, पायलट सोलर विमान घेणार होता.

शोभावहिनी, म्हणजे त्याची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांचा प्रश्न सगळ्यात सरळ होता.

“एकाच माणसाची जागा?”

“एकाच.”

“मंग मी कुठं बसू?”

“तू खालून पाह्यजो.”

“लग्न झाल्यापासून दुसरं काय करून राह्यली मी?”

बोलल्या एवढं, पण अडवलं नाही. उलट मलाच म्हणाल्या, “भाऊजी, तुमी संगं जा. ह्यो माणूस मशीन बरोबर पाह्यते, पण घासाघीस करता येत नाही याले. समोरचा सांगन तेवढे पैसे देऊन वर आभार मानते.”

म्हणून मी गेलो. वडिलांबरोबर बैलबाजारात हिंडलेला माणूस मी. जनावर कसं घ्यावं हे मला माहीत होतं, आणि ग्लायडर म्हणजे पंखवालं जनावर एवढीच माझी समजूत होती.

क्लबची शेड म्हणजे लांबलचक पत्र्याचं गोदाम. सेक्रेटरी म्हातारे, शुभ्र टोपीचे, अतिशय सभ्य. आत दोन ग्लायडरं. एक नुकतंच रंगवलेलं, लग्नातल्या घोड्यासारखं चकचकीत. दुसरं मळकट, पांढऱ्याचं पिवळं झालेलं. मी चकचकीताकडे गेलो. पायलट दोन्हींकडे गेलाच नाही. तो गेला मागच्या बाजूला उभ्या असलेल्या ट्रेलर्सकडे. ग्लायडरचे पंख काढून ज्या लांब बंद गाडीत ठेवतात ते ट्रेलर. त्यात तो वाकून शिरला आणि कितीतरी वेळ बाहेर आला नाही.

“काय करून राह्यला आत?” मी विचारलं.

“वास घेऊन राह्यलो.”

“कायचा?”

“ज्यानं गोठा कोरडा ठेवला त्यानं बैल कोरडा ठेवला असन. हा ओला हाय.” तो चकचकीताचा ट्रेलर होता. “अन् उंदीर हाय. उंदीर ट्रेलरात राह्यते अन् जेवाले पंखात जाते.”

मग त्याने दोन्ही ग्लायडरांच्या लाकडी पंखांवर बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन ऐकलं. डिंक सुटला की आवाज बदलतो म्हणे. चालवायचा दांडा हलवून मागचं शेपूट किती उशिराने हलतं ते पाहिलं. किती उड्डाणं झाली ते विचारलं, कितीदा जोरात आपटलं तेही विचारलं, आणि सेक्रेटरींनी सांगितल्यावर त्यांच्याकडे न पाहता चाकाकडे पाहिलं. “शिंगाले तेल लावलेला बैल अन् नवा रंग मारलेलं विमान, दोन्हीच्या पोटाखाली पाहा लागते,” असं तो मला म्हणाला. बैलाचा भाग त्याने माझ्याकडूनच उचलला होता.

मळकट ग्लायडर पसंत पडलं. आता भाव. इथे मी पुढे झालो. आमच्या बाजारात चारचौघांत भाव बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची आणि बोटांनीच ठरवायचं. मी खांद्यावरचा रुमाल काढला, सेक्रेटरींच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची तीन बोटं घट्ट धरली. ते दचकून एक पाऊल मागे सरले आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाले. पायलट कपाळाला हात लावून उभा. “साहेब, घाबरू नका. भाव करून राह्यला तो.” सेक्रेटरींनी हात सोडवून घेतला, पण पुढच्या दहा मिनिटांत भावही बराच सोडला. रुमाल पुन्हा येऊ नये म्हणून असेल.

मग पायलट आत बसला. म्हणाला, घर घ्यायचं तर एक रात्र झोपून पाहावं, हे तर अंगाला शिवलेलं घर. आडवं पडल्यासारखं बसायचं, पाय पुढे लांब, वरून काचेचं झाकण. मी पंखाचं टोक धरून उभा होतो, कारण एकाच चाकावर ते तोल धरत नाही. झाकण बंद झालं. थोड्या वेळाने मी विचारलं, “चहा पेतं का?” त्याला ऐकू गेलं नाही. मी हात हलवला. त्याने पाहिलं नाही. तो समोर पाहत होता. माझ्या आठवणीतल्या सगळ्या वर्षांत तो चेहरा मी पाहिला नव्हता. त्या चेहऱ्याला कुणाचीच गरज नव्हती.

सेक्रेटरी माझ्या शेजारी येऊन म्हणाले, “तुम्ही छान धरलंय. प्रत्येक पायलटला एक पंख धरणारा लागतो.”

ते कौतुक होतं. मला ते लागलं.

बाहेर आल्यावर पायलटने आत लावलेली पत्र्याची पट्टी दाखवली. त्यावर बसणाऱ्याचं जास्तीत जास्त वजन कोरलेलं होतं, पॅराशूट धरून. पायलट त्या आकड्याच्या थोडा वर असावा असा अंदाज. क्लबातल्या काट्याची सुई अडकलेली होती. सेक्रेटरी म्हणाले, आणखी एक गिऱ्हाईक आहे, पण होळीपर्यंत तुमच्यासाठी ठेवतो. वजनात बसलात तर कळवा, तुमच्या शब्दावर विश्वास आहे.

“दिलीपच्या काट्यावर बसलो तरच कळवीन,” पायलट म्हणाला. “त्याच्या काट्यावर सरकारी शिक्का हाय.”

पहिलं वजन मालेगावला आल्यावर दुसऱ्याच दिवशी झालं. पॅराशूटच्या जागी तेवढ्याच वजनाची हरभऱ्याची पिशवी पाठीला बांधून तो दुकानात आला. हमाल हातातलं काम सोडून जमले. “पायलट, इथंच उडू नको, पत्रे हायेत वरते.” त्याने बूट काढले, घड्याळ काढलं आणि मला मागे उभं केलं. काट्यावरचा माणूस नकळत कुठेतरी हात टेकवतो, म्हणून मागून पाहणारा एक साक्षीदार पाहिजे, हा त्याचाच नियम. डोळे मिटून चढला, कारण काटा स्थिर होईपर्यंत आकडा पाहायचा नाही, हाही त्याचाच नियम.

मी खरा आकडा पाहिला. अगदी थोडा वर होता. आणि मग मी चप्पल सोडून पायाचा अंगठा काट्याच्या मागच्या कोपऱ्यावर ठेवला, हळूच दाबला आणि म्हणालो, “पाह्य.”

पहिल्यांदा ती गंमतच होती. तो ओरडेल, मी हसेन, हमालही हसतील आणि मग सांगू, असंच डोक्यात होतं. त्याने डोळे उघडले. आकड्याकडे पाहत राहिला. ओरडला नाही. पिशवी सोडता सोडता म्हणाला, “हरकत नाही. उतरवतो.” हमाल पांगले. मीही कामाला लागलो. सांगायची वेळ निघून गेली, आणि ती मी जाऊ दिली.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी पायलट यायचा. त्याने भात सोडला, साखर सोडली, मग भाकरीही निम्मी केली. किन्हीराजाहून मालेगावला पायी येऊ लागला, त्यामुळे मोटारसायकलभोवतीची चक्कर बंद झाली आणि वाटेवरच्या लोकांना चुकल्यासारखं वाटू लागलं. पँट कमरेला सुतळीने बांधायची वेळ आली. एके दिवशी मिशी साफ काढून आला.

“मिशीचं काय वजन असते बे?” मी म्हटलं.

“विमानात सगळ्याचं वजन असते.”

तिसऱ्या की चौथ्या खेपेला खरा आकडा पट्टीच्या आत आला. चांगला आत. तो बसत होता. हे त्या दुकानात फक्त मला माहीत होतं, कारण त्याचे डोळे मिटलेले होते आणि हमाल आता पाहायला जमत नव्हते. मी अंगठा ठेवला. तो जसजसा उतरत गेला तसतसा मी जास्त दाबत गेलो. तेवढ्या वजनाला बरोबर किती जोर लावायचा हे माझ्या अंगठ्याला इतकं नेमकं कळू लागलं, की या धंद्यात राहून ही कला मी आधी का शिकलो नाही याचं मलाच नवल वाटलं.

एका दुपारी शोभावहिनी दुकानात आल्या. एकट्याच. माझ्या समोरच्या बाकावर बसल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, “भाऊजी, एक काम होतं. तुमचा काटा थोडा हलका दाखवता येत नाही का?”

“म्हणजे?”

“कमी दाखवा न दोन-तीन किलो. हवेत जायाच्या आंधीच हवा होऊन राह्यले ते. सकाळी उठून काकडी खाते. तुमी कमी दाखवलं का जेवतीन तरी.”

आणि मी, हे लिहितानासुद्धा माझे कान तापतात, छातीवर हात ठेवून म्हणालो, “वहिनी, आमच्या काट्यात खोटं चालत नाही.”

त्यांना वाईट वाटलं. माफी मागून गेल्या. माझी माफी मागून.

मला वाटलं होतं तो दुसरीकडे वजन करेल आणि मी सुटेन. तसं झालंही. वाशीमला कामाला गेला होता, तिथे एका दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहिला. काटा बरोबर होता, खरं तेच सांगत होता. संध्याकाळी पायलट हसत माझ्याकडे आला.

“दिलीप, डाक्टर लोकाईचे काटे पाह्य. पेशंटले खुश ठेवासाठी कमी लावून ठेवते लेकाचे. मी तं नर्सले म्हटलं, बाई, तुमचा काटा दुरुस्त करा, शिक्का मारून घ्या. माह्या दोस्ताचा काटा पाह्य म्हटलं कसा अस्सल.”

तेव्हा मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात त्याने पोत्यावरून उडी मारली, हरभऱ्याची पिशवी पाठीवर घेतली आणि म्हणाला, “चाल, मांग उभा राह्य.” मी मागे उभा राहिलो.

आता ते का केलं, हे. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होतो, की त्याच्या जिवाच्या काळजीने केलं. जुनं लाकडी यंत्र, वय झालेला माणूस, घरी पोरगी. ऐकायला फार चांगलं वाटतं. बायकोला सांगायची वेळ आली असती तर हेच सांगितलं असतं. ते खरं नाही. ते ग्लायडर चांगलं होतं, त्याने ते नीट पाहून घेतलं होतं, आणि त्याच्याइतका सावध माणूस मी पाहिलेला नाही. खरं हे, की शाळेच्या बाकापासून आम्ही जे केलं ते दोघांनी केलं होतं, आणि तो आता एका अशा जागी निघाला होता जिथे दुसऱ्याला बसताच येत नाही. त्याने मला विचारलं नव्हतं असं नाही, विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी पंख धरणार होतो. तो दुपारभर वर आणि मी खाली, हातात त्याची चप्पल. मला ते सहन झालं नाही. एवढंच. मत्सर म्हणायला मला इतकी वर्षं लागली.

होळीच्या आधी तो आला. शेवटचं वजन झालं. मी शेवटचा अंगठा ठेवला. आकडा पट्टीच्या वर, अगदी थोडा. मी मुद्दामच थोडा ठेवला होता, फार ठेवला तर संशय येईल म्हणून. तो काट्यावरून उतरला आणि माझ्या गादीवर बसून त्याने सेक्रेटरींना फोन लावला.

“साहेब, तायडे बोलतो. नाही बसलो. द्या त्यांना. नाही साहेब, थोड्याने का असेना, जास्त ते जास्त. पट्टी कशासाठी लावली मग?”

फोन ठेवला. मग म्हणाला, “कचोरी बोलाव.” मी बोलावली. त्याने चार खाल्ल्या, मग आणखी दोन, मग जिलबी. हमालांनी टाळ्या वाजवल्या. तोही हसला. तोंडात घास असताना माणूस हसतो तेव्हा डोळ्यांत पाणी कशाचं आहे हे विचारता येत नाही. तिखट होती कचोरी, असं धरून चाललो.

त्यानंतर तो क्लबात दोन-चारदा गेला. रांगेत उभा राहून आला. पुढे जाणं कमी होत गेलं आणि मग थांबलंच. मिशी परत आली, पँटची सुतळी गेली, मोटारसायकलभोवतीची चक्कर सुरू झाली. टपरीवर कुणी छेडलं, “पायलट, सोलरचं काय झालं?” तर तो म्हणायचा, “सबसिडी नाही भेटली.”

मागच्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं. नागपूरला नेलं, हृदयाच्या शिरेत नळी टाकली. आता बरा आहे. मीठ कमी, चालणं रोजचं. उडण्याची परवानगी मात्र त्या हृदयाला कुणी देणार नाही. त्याने डॉक्टरांना विचारलं होतं म्हणे, भूल उतरल्यावर पहिलाच प्रश्न तोच. डॉक्टर आधी हसले आणि मग, हा गंभीरपणे विचारतोय हे पाहून, नाही म्हणाले.

यंदा तूर घेऊन तो दुकानात आला. माल मोजून झाला, भाव झाला. चहा घेताना एकदम म्हणाला, “दिलीप, एक गोष्ट बोलाची राह्यली होती. बरं झालं तवा नाही बसलो वजनात. विमान घेतलं असतं, पैसे गेले असते, अन् आता काय, शेडमंदी पडून राह्यलं असतं. तुह्या काट्यानं वाचवलं लेका मले.”

मी म्हटलं, “मधुकर…”

“काय?”

“चहा आणखी घेतं का?”

“नाही. साखर बंद हाय.”

तो उठला. गावातलाच छोटा टेम्पो त्याने भाड्याने आणला होता, रिकामी पोती घेऊन परत जायचा. ड्रायव्हरने शेजारची जागा झटकून दिली. पायलटने टेम्पोभोवती चक्कर मारली, टायर दाबले, पण पुढे बसला नाही. मागे चढला, रिकाम्या हौद्यात, आणि केबिनच्या वरची दांडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. ड्रायव्हर ओरडला, “काका, पडान.” हा म्हणाला, “तू चालव.” टेम्पो बाजाराच्या फाटकातून बाहेर पडला, किन्हीराजाच्या रस्त्याला लागला आणि वेग घेतला. त्याचा शर्ट पाठीवर फुगला. त्याने मान वर केली, तोंड वाऱ्याला दिलं आणि दांडीवरचा एक हात सोडून बाजूला लांब धरला. मी फाटकाशी उभा होतो. त्याने मागे पाहिलं नाही.

मधुकर तायडेचं मी देणं लागतो. एक दुपार, जी आता कुणालाच देता येणार नाही. आणि त्याच्या तोंडावर सांगायचं हे सगळं, जे मला देता येतं आणि मी अजून दिलेलं नाही.